कार्ताहेनातलं लाल फूल

नत्थुभाऊजी,

नमस्कार लिहायची इच्छा नव्हती, हात सवयीनं लिहू पाहत होता. मी तो थांबवला.

प्रतीक्षा कंपनीच्या कामानं कोलंबियात आली, तर मलेही सोबत घेऊन आली. काल रात्री आमी मायलेकी कार्ताहेनाच्या जुन्या तटबंदीच्या आत फिरायले गेलो. समुद्राचा वारा सुटला होता आणि चौकात लोक ढोलावर नाचत होते. फळं विकणाऱ्या एका बाईनं माह्या केसात लाल फूल खोवलं. मी हसली. प्रतीक्षानं फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

लगेच तेल्हाऱ्याहून तुमचा फोन आला. "वहिनी, विधवा बाईच्या डोक्यात फूल? दादाले काय वाटलं असतं? काढा ते."

भाऊजी, राजापेठेत फुलांचं दुकान मी चालवतो. तुमच्या पहिल्या बायकोले, माणिकबाईले जाऊन वर्ष झालं नव्हतं, तेव्हा तुमी दुसऱ्यांदा बाशिंग बांधलं. त्या लग्नाच्या मुंडावळ्या मीच ओवल्या. माणिकबाईले काय वाटलं असतं, हे तुमाले कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पण खरा राग दुसराच आहे. तुमी एवढ्या दूर, तरी मी भ्यायली आणि भरचौकात फूल काढलं. प्रतीक्षा पाहत होती. तिनं गुपचूप फोटो मिटवला. माह्या पोरीले मी हेच शिकवलं का?

हे पत्र टपालात टाकणार नाही. रविवारी तेल्हाऱ्याले येऊन तुमच्या ओसरीवर सगळ्यांसमोर वाचीन. प्रतीक्षा बाजूले उभी राहीन.

कौशल्या