चौथ्या प्रकरणातली तळटीप

प्रिय तुरतुरी,

हे नाव वापरताना आता मला जरा भीतीच वाटते. विधी विभागात सगळे तुला मॅडम म्हणतात, आणि गुडघ्यांमुळे तू पूर्वीसारखी तुरुतुरु चालतही नाहीस. पण दुसऱ्या कुठल्या नावाने मला तुला पत्र लिहिता येणार नाही. तुझी खोली माझ्या टेबलापासून दोन जिने आणि एक व्हरांडा एवढीच लांब आहे, तरी लिहिते आहे, कारण समोर आले की मी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करून परत फिरेन. तुझं पुस्तक शुक्रवारी छापायला जाणार आणि आज मंगळवार. सांगायचंय ते पुस्तकाबद्दलच. जरा दमाने वाच, मी आडवळणाने येणार आहे.

आधी माझी कुरकुर ऐकून घे. या सत्रापासून ग्रंथालयाने प्रत्येक प्राध्यापकाला एकेक ग्रंथपाल नेमून दिला. यादी लागली तेव्हा मी चष्मा पुसून तुझ्या नावापुढे माझं नाव शोधलं. तिथे ग्रंथालयात नुकत्याच लागलेल्या त्या नव्या मुलीचं नाव होतं. माझ्या वाट्याला करारकायदा शिकवणारे ते खोकणारे सर आले. मी प्रमुखांकडे गेले, म्हटलं, अहो, यादीत काहीतरी चुकलंय. ते म्हणाले, चुकलं कसलं, मॅडमनी स्वतः तिला मागून घेतलं. तू मला हे सांगितलं नाहीस. त्यानंतर आपण दोनदा एकत्र डबा खाल्ला, तेव्हाही नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं माझी आई कुणाकुणाला म्हणायची, तेव्हा मला ते फार वाईट वाटायचं. आता ते दिवसातून चारदा माझ्याच तोंडी येतं.

मुलगी वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर मी सुखाने नावं ठेवली असती. तिने आमच्या संकेतस्थळावर एक पान तयार केलंय, 'प्राध्यापकांसाठी संशोधन सेवा' म्हणून. नव्या निकालांच्या सूचना पाठवणं, दुसऱ्या ग्रंथालयांतून पुस्तकं मागवणं, वर्गात जाऊन विद्यार्थ्यांना निकाल शोधायला शिकवणं, तळटिपा तपासणं, सगळं ओळीने मांडलंय. वाचता वाचता मला हसू आलं. तेवीस वर्षं मी तुझ्यासाठी हेच करत होते, पण ही सेवा आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सातव्या क्रमांकावर आहे 'हस्तलिखिताचे वाचन'. तुझं पहिलं पुस्तक आपण तुझ्या बाळंतपणाच्या खाटेवर बसून वाचलं, आठवतं? बाळ माझ्या मांडीवर आणि कागद तुझ्या. एका पानावर तो ओकला, तर तू म्हणालीस, बघ, यालाही हा युक्तिवाद पटलेला नाही. तर ते सगळं आता सातव्या क्रमांकावर.

माझा स्वभाव तुला नवा नाही. म्हणजे निदान तुला माहीत असावा असं मी धरून चालले होते. पाचवीत ती घाऱ्या डोळ्यांची मुलगी आली आणि सिस्टरनी मला उठवून तिला तुझ्याशेजारी बसवलं. मी दोन दिवस डबा तसाच घरी नेला. शिवणाच्या तासाला तिचा अर्धा विणलेला रुमाल उसवून ठेवला, ते मीच. सिस्टरनी सगळ्या वर्गाला हात वर करायला लावले होते, आणि तू माझ्याकडे बघून म्हणालीस की हिने नाही केलं, मी शपथ घेते. त्या रविवारी प्रार्थनेत मी बराच वेळ डोळे मिटून बसले होते. हे मी तुला आज पहिल्यांदा सांगते आहे.

आता पुस्तकाकडे येते. माझी जुनी सवय तुला ठाऊक आहे. सोमवारी छापील निकालांचा नवा अंक आला की मी तो पहिल्या पानापासून वाचते, आणि एखादा जुना निकाल वरच्या न्यायालयाने फिरवला असेल तर त्या जुन्या खंडात, त्याच पानाच्या समासात, पेन्सिलीने लिहून ठेवते. मुलगी म्हणते, मॅडम, हे संगणक करतो की. करतो, आणि माझ्याहून लवकर करतो. पण तुझ्या चौथ्या प्रकरणाचा सगळा डोलारा ज्या शिंप्याच्या खटल्यावर उभा आहे, राहत्या जागेत कपडे शिवले म्हणून घरमालक त्याला बाहेर काढू शकत नाही असा तो निकाल, त्यातला शिंपी अपील चालू असतानाच वारला. त्याच्या जागी त्याची मुलगी उभी राहिली, तिच्या सासरच्या नावाने. वरचा निकाल त्या नावाने छापून आला आणि संगणकाला अजून त्या दोन नावांची गाठ घालता आलेली नाही. मला आली, कारण दोन शिवणयंत्रं आणि जिन्याखालची इस्त्री मी ओळखली. निकाल फिरवलाय, तुरतुरी. शिंप्याची मुलगी हरली.

ही गोष्ट कालची नाही, गेल्या आठवड्यातल्या सोमवारची. मी जुना खंड काढला, पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यासाठी हे पत्र लिहायची गरज नव्हती, तुला फोन करून सांगता आलं असतं की अगं, एक निकाल बदललाय. पण गुरुवारी ती मुलगी तुझ्या सगळ्या तळटिपांची यादी घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, एकदा तुम्ही नजर टाका, मग मी निर्धास्त. आमच्या मॅडम म्हणतात, तुमच्यासारखी नजर कुणाची नाही. त्या 'आमच्या'वर माझं डोकं फिरलं. पुढच्या महिन्यात तिला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे. पुस्तक चुकीसकट निघालं की ती जाईल आणि तू माझ्याकडे परत येशील, इथपर्यंत मी खुर्चीत बसल्या बसल्या पोचले. वरच्या निकालाची प्रत सोबत जोडली आहे. आधी प्रकाशकाला थांबव, मग माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. प्रकरणाची दुरुस्ती तिच्याबरोबर बसून कर, ते काम तिचं आहे आणि ती ते नीट करेल. तिला मात्र एका शब्दाने बोलू नकोस. तिच्या यादीत एकतिसाव्या, म्हणजे शिंप्याच्या खटल्याच्या तळटिपेसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे, ती माझी आहे.

तुझीच,
मी