रिबेलोनंतर कोण

१२ नोव्हेंबर १९८८, शनिवार

रिबेलो चालला. जानेवारीत रिटायर, मग क्वार्टर सोडायचं. वसईला घर आहे, बायकोला आता तिथेच राहायचंय. मॅच संपल्यावर गोलची जाळी सोडवता सोडवता म्हणाला, "मुकुंदा, क्लबला नवा मॅनेजर बघा आता." जसा काही दूधवाला बदलायचाय. मी जाळीचं दुसरं टोक धरून नुसता उभा. मी दिल्लीच्या ह्या लक्ष्मीबाई नगरात यायच्या आधीपासून हा माणूस टीम निवडतो, ओरडतो, संत्री सोलतो, रेफ्रीला स्कूटरवरून घरी पोचवतो. आमच्यात मॅनेजर म्हणजे हे सगळं.

चहा संपायच्या आत क्लबातल्या चड्ढाने विषय काढला, "तो अब कौन?" राग आला. माणूस अजून समोर उभा आहे ना!

हरलो, ते वेगळंच. ०–२.

१३ नोव्हें., रवि.

(रिबेलोला यापुढे रि. लिहीन. नाव लांब, थंडीत बोटं आखडतात.)

सकाळपासून जुनंच आठवतंय. पुण्याहून बदली होऊन आलो तो पहिला हिवाळा. दिल्ली अजिबात आवडली नव्हती, हिंदी बोलायची लाज वाटायची. सौ. क्वार्टरमध्ये सामान लावत होती, मी भाजी आणायला निघालो आणि मैदानाच्या भिंतीपाशी थांबलो. कोळशाच्या अंगीठ्यांचा धूर खाली उतरलेला, त्यात पोरं खेळत होती, आणि कोणीतरी मराठीत ओरडलं, "अरे मागे बघ, मागे!" डोळ्यांत पाणी आलं. धुराच्या नावावर खपून गेलं. तो रि. भाजी राहिलीच. सौ. अजून ऐकवते.

काय खेळायचे तेव्हा! चेंडू जमिनीवरून, ह्याच्या पायातून त्याच्या पायात. नेगी राइट बॅक, केस कपाळावर, पळत सुटला की गच्च्यांवरच्या बायका विणता विणता थांबायच्या. एका वर्षी सेमीफायनल हरलो तरी सगळी कॉलनी शकरकंदी, म्हणजे भाजलेली रताळी, खात, जिंकल्यासारखी घरी आली. आताची पोरं चेंडू उचलून हवेत मारतात आणि मग वर बघत बसतात.

मला तो खेळ परत बघायचाय. लिहूनच टाकतो, इथे कोणाची भीती: मला मॅनेजर व्हायचंय.

१६ नोव्हें., बुध.

लंचला ऑफिसच्या लॉनवर. ऊन मस्त, निम्मं मंत्रालय आडवं झालेलं. शेजारच्या भवनातून नेगी आला. गुडघ्याला बाशिंग बांधूनच. "मैं खेला हूँ, दामले साहब. जो खेला नहीं, वो क्या सिखाएगा?" माझ्याकडे बघून बोलला नाही, पण लागायचं तिथे लागलं. मी कधी बूट घातले नाहीत. सपाट पाय, वर चष्मा. पण खेळला नाही म्हणजे त्याला दिसत नाही, असं थोडंच आहे?

नेगी भला माणूस. फक्त त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध, पोरांना अजून पळवा.

दुसरा उमेदवार चड्ढा. लहानपण आमच्याच कॉलनीत, आता करोल बागेत मोटारच्या पार्ट्सचं दुकान. क्लबच्या जर्स्या त्याच्या. म्हणतो, बाहेरून पोरं आणू. आणि कॉलनीतल्या पोरांनी काय भिंतीवर बसून शेंगा खायच्या?

निवड अर्थात भिंतीवरचेच करणार. आमची पद्धत आहे. खेळणाऱ्या पोरांचं काही खरं नसतं, बापाची बदली झाली की शिलाँग नाहीतर मद्रास. भिंतीवर बसून मॅच बघणारे टिकतात. म्हणून मॅनेजर ते ठरवतात. रविवारी बैठक.

दोन दिवस झोपताना मनात टीम लावतोय. लेफ्ट आउटला कोण, तिथेच अडतं.

२० नोव्हें., रवि.

काय केलं मी हे.

भिंत भरलेली. नेगी आणि चड्ढा जुंपलेले. "जर्सी क्या आसमान से आएगी?" "जर्सी पहन के पास देना आ जाता है क्या?" दोघांच्या बाजूने सारखेच ओरडणारे. मग नेगी एकदम माझ्याकडे वळला. "दामले साहब, आप ही ले लो. आपसे ज़्यादा मैच किसने देखे हैं?"

आणि माझ्या तोंडातून काय निघालं, तर, "अरे नहीं नहीं, मैं कहाँ! मुझसे नहीं होगा." हसत हसत. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून मफलरही नीट केला.

नेगी म्हणाला, "अच्छा, ठीक है," आणि परत चड्ढाकडे वळला.

संपलं. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही! मी तसाच हसरा चेहरा करून बसून राहिलो, किती वेळ कोण जाणे. निर्णय पुढच्या रविवारवर गेला.

रि. माझ्या शेजारीच होता. तिथे मराठी आम्ही दोघंच. माझ्या "नको"चा अर्थ त्याला कळणार नाही तर कोणाला? शेंगा सोलत बसला. पठ्ठ्याने ब्र काढला नाही.

२१ नोव्हें., सोम.

सौ.ला सांगितलं. ती इतकी हसली की तिला वेताच्या मोढ्यावर बसावं लागलं. "पंगतीत बसला होतात का? नको नको म्हटलं की जिलबी ताटात पडतेच? इतकी वर्षं दिल्लीत काढली, अहो, इथे नको म्हटलं की ताट उचलतात!" मग माझा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. संध्याकाळी थालीपीठ केलं, न विचारता.

पण माझं काय चुकलं? आपल्याकडे पहिलं "नको" हे "नको" नसतंच. वडिलांनी वाचनालयाचं सेक्रेटरीपद तिसऱ्या आग्रहाला स्वीकारलं होतं. किती अभिमानाने सांगायचे. लोक घरी आले, चहा झाला, वडील नको म्हणाले. पुन्हा आले, पुन्हा नको. तिसऱ्यांदा हार घेऊनच आले. आम्ही पोरं दाराआडून बघत होतो. वडील मान खाली घालून, लाजल्यासारखे उभे. मला वाटायचं मोठं होणं म्हणजे असं.

ते लोक गेले, ते वाचनालयही गेलं.

२४ नोव्हें., गुरु.

ऑफिसातून आलो तर नेगी आणि चड्ढा दोघंही घरी हजर. एकत्र! मतं निम्मी निम्मी आहेत, असंच चाललं तर क्लब फुटेल. म्हणून दोघांनी ठरवलं, रविवारी मी नाव सांगायचं, दोघांनाही मान्य. "आप न्यूट्रल हैं," चड्ढा म्हणाला. "आपका तो अपना कोई इंटरेस्ट है नहीं."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

सौ.ने चिवडा आणला. चड्ढा म्हणाला, "नहीं भाभीजी, बिल्कुल नहीं." तिने आपल्या पद्धतीने आग्रह करून बशीत वाढलाच. जाताना बशी तशीच भरलेली. सौ.ने आधी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

नेगीचं नाव घ्यावं हे उत्तम. मघापासून स्वतःला पटवतोय. पटत नाही.

२६ नोव्हें., शनि.

राहवेना. रि.कडे गेलो. घरात खोकी, भिंतीवर फोटोंचे नुसते चौकोन. त्याची बायको चर्चला गेलेली.

सरळ विचारलं, "त्या दिवशी तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं. लगेच."

"मग तोंडात मिठाची गुळणी का धरलीस?"

सुतळी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मी म्हटलं असतं तर झाला असतास. माझ्या शब्दावर. आणि पहिल्याच मॅचला चड्ढाने आपल्या पुतण्याला टीममध्ये घे म्हणून पुढे केलं असतं, तेव्हा मी वसईला. तिथे तुझ्यासाठी कोण बोलणार होतं?"



"मला पाहिजे, एवढं स्वतःच्या तोंडाने म्हणता येत नसेल ना मुकुंदा, तर नको होऊस."

चहा अर्धा टाकून उठलो. सरोजिनी नगरच्या बाजाराला उगाच वळसा घातला. माणसं, ढिगातले स्वेटर, घासाघीस. प्रत्येक जण आपल्याला काय हवंय ते मोठ्याने सांगत होता. मला रि.चा राग आलाय आणि त्याचं खरं आहे. आणि दोन महिन्यांनी त्या मैदानावर मराठीत रागवायला तरी कोण उरणार? ह्याचंच जास्त वाईट वाटतं.

२७ नोव्हें., रवि.

ऊन होतं. सगळे आलेले. नेगी इस्त्रीचा शर्ट घालून, चड्ढा पुतण्याला घेऊन.

"बोलिए दामले साहब. किसका नाम?"

म्हणालो, "मेरा."

हसले सगळे. त्यांना वाटलं गंमत. मग मी परत म्हणालो, "मज़ाक नहीं कर रहा. मुझे बनना है." हिंदीत निघालं. मराठीत निघालं नसतं कदाचित. ज्या भाषेची लाज वाटायची तिनेच हात दिला.

नेगी म्हणाला, "तो उस दिन मना क्यों किया?"

आता ह्याला काय समजावणार? म्हटलं, "हमारे यहाँ हाँ ऐसे ही बोलते हैं."

नेगी हसायला लागला. थांबेच ना. चड्ढा मात्र हसला नाही. "पहले बोलना था ना, साहब. न्यूट्रल बनके बैठे थे आप." तेही खरंच आहे. लाज वाटली. पण शब्द मागे घेतला नाही. पोरांना चेंडू जमिनीवर ठेवायला शिकवीन, कॉलनीतलीच पोरं खेळवीन, असं काहीबाही बोललो. नेगी म्हणाला, सोचना पड़ेगा. चड्ढा पुतण्याला मागे बसवून स्कूटरवर निघून गेला, जर्स्यांचं काय ते न सांगता. निर्णय झाला नाही. पुढच्या रविवारी परत.

 सगळे पांगल्यावर रि. माझ्याबरोबर चालत गेटपर्यंत आला. म्हणाला, "आवाज लहान पडला. भिंतीच्या त्या टोकाला ऐकूच गेलं नाही."

पुढच्या रविवारी मोठ्याने म्हणेन.