चार बोटं उंच

प्रिय मामा,

पत्राबरोबर एक खोकं येतंय, ते आधी उघडायचं नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. दोरी बांधलेलं काही दिसलं की तुझा हात आपोआप पटाशी शोधायला लागतो. तर पटाशी खाली ठेव, खोकं मामीच्या ताब्यात दे आणि चष्मा लावून हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधली पानं गाळायची नाहीत. फोनवर बोलता आलं असतं, पण गेल्या तीन आठवड्यांत मी केलेल्या प्रत्येक फोनला तू "थांब, मामीला देतो" एवढंच म्हणाला आहेस. एकदा तर मामी घरात नव्हती, तरी म्हणालास.

तू न सांगता आलास त्या रविवारपासूनच सुरुवात करते. बाहेरचा दरवाजा खाली घासतोय असं मी कधीतरी सहज बोलून गेले होते, आणि तू रंधा पिशवीत घालून दारात हजर. मी अंघोळीला गेले होते. तुझ्या जावईबापूंनी दार उघडलं आणि तुला मानानं थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. त्यांचं डोकं अशा वेळी चालत नाही. तिथे मधोमध ते स्टूल उभं होतं, वरच्या फळीला हात पुरावा म्हणून मी चढते ते. निळं, प्लॅस्टिकचं, दोन पायऱ्यांचं, बाजारातून आणलेलं, वरची पायरी झिजून पांढरी पडलेली. मी केस पुसत बाहेर आले तेव्हा तू जमिनीपासून वरच्या कपाटाच्या फळीपर्यंत मोजत होतास. टेप गुंडाळलीस, दरवाजा तासून दिलास, अर्धा कप चहा तसाच ठेवलास आणि गेलास. चहा टाकून उठणारा माणूस तू नव्हेस.

पुढचं मामीकडून कळलं. घरी जाऊन तू अकरा वर्षांपूर्वीची मापांची वही शोधून काढलीस. वहीतलं माप आणि माझं कपाट तंतोतंत जुळलं. म्हणजे कापताना चूक झाली नव्हती, माप घेतानाच झाली होती, आणि माप तर तूच घेतलं होतंस. "सख्ख्या भाचीचं माप चुकलं, तर परक्याच्या पोरांचं काय घेणार? डोळा गेला माझा," असं म्हणून तू सगळ्या रंध्यांना तेल लावलंस आणि ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेस. शाळेच्या वाचनालयाचं काम, ज्याची तू दोन वर्षं वाट बघत होतास, तेही नको म्हणून कळवायचं ठरवलंस. सोमवारी चिठ्ठी नेऊन देणार आहेस म्हणे. हे सांगताना मामी रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, "दिवसभर घरात बसून माझ्या कपाटांच्या कड्या हलवून बघतो. तो तरी कामाला जाऊ दे, नाहीतर मी तरी जाते." म्हणून हे पत्र टपालात न टाकता माझ्या धाकट्या भावाच्या हाती धाडतेय. सोमवारच्या आत ते तुझ्यापर्यंत पोचलंच पाहिजे.

मामा, तू केलेलं सगळं उचलून बाहेर काढलं तर आमच्या घरात गादी आणि मी एवढंच उरेल. आईचं जेवणाचं टेबल, मावशीचा पलंग, धाकट्याचं पुस्तकांचं कपाट, माझं अख्खं स्वयंपाकघर. कुणाकडून कधी काही घेतलं नाहीस. "भाचीनं मामाकडून विकत घ्यायचं का?" एवढं म्हटलं की तुझ्या बाजूनं विषय संपला. मी परतफेडीचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. लोकरीचा कोट दिला, तो महिन्याभरात मामीच्या भावाच्या अंगावर दिसला. चांगलं ड्रिल मशीन आणलं, ते तू शेजारच्या गवंड्याला "वापरून बघ" म्हणून दिलंस, आणि तो अजून वापरून बघतोय. शेवटी तुम्हा दोघांना चार दिवस समुद्रकाठी पाठवलं. म्हटलं, तिथे काम नाही, औजारं नाहीत, झक मारत आराम करेल. तर दुसऱ्याच दिवशी तू लॉजच्या मालकाकडून पटाशी मागून घेतलीस, आणि तुम्ही निघेपर्यंत तिथल्या नऊ खिडक्या नीट बंद व्हायला लागल्या होत्या. समुद्र मामीनं एकटीनं बघितला.

तू आमच्याकडे मागितलंस ते एकच. काम पुरं झालं की अंगावरचा भुसा झटकायचास, समोर बसायचास आणि म्हणायचास, "हं, बोला. कुठे चुकलं?" आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, छान झालंय. एकदा तू वैतागलास, ते माझ्या लक्षात राहिलं आहे. म्हणालास, "गिऱ्हाईक भांडतं, म्हणून हात सुधारतो. तुम्ही नुसते छान छान करता. घरच्या कामात माझा हात तीस वर्षं होता तिथेच आहे." आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. जो माणूस एक पैसा न घेता महिनामहिना राबतो, त्याच्या कामात खोड काढायला तोंड कसं उघडायचं, हे आमच्यापैकी कुणालाच जमलं नाही. तुला हवी होती ती एवढीशी गोष्ट द्यायला आम्हीच कंजूष निघालो.

म्हणून आता ऐक. तू येणार असं कळलं की आमच्या घरांघरांत लपवालपवी सुरू होते. आईच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याखाली ती पुठ्ठ्याची घडी ठेवते, आणि तुझी स्कूटर फाटकाशी वाजली की ती काढून उशीखाली सरकवते. मग टेबल डुगडुगू नये म्हणून आम्ही सगळे दोन्ही कोपरं रोवून जेवतो. तुला वाटत असेल, ताईच्या पोरांना वळण नाही. मावशीचा पलंग असा कुरकुरतो की ती कुशीवर वळली की खालच्या मजल्यावरच्या बाई सकाळी विचारतात, बरं नाही का वाटत? तू तिच्याकडे गेलास की मावशी पलंगावर पुतळ्यासारखी बसते, ते तुझ्या आदरापोटी नव्हे. धाकट्याच्या कपाटाचा मधला खण इतका बुटका आहे की त्यात एकही पुस्तक उभं राहत नाही. तिथे तो मोजे ठेवतो, आणि तू येणार म्हटलं की मोजे काढून पुस्तकं आडवी कोंबतो.

या सगळ्या खोडी मी गेल्या आठवड्यात घरोघर फिरून गोळा केल्या. आधी कुणी तोंड उघडेना. आई तर अंगावरच आली, "माझ्या भावाच्या टेबलाला नावं ठेवायला आलीस?" मी वाकून पुठ्ठा ओढून काढला आणि तिच्यासमोर धरला, तेव्हा तिला हसू आवरेना. मग जी सुरू झाली ती टेबल सोडून खुर्च्यांवर आली, आणि खुर्च्यांवरून तू सात वर्षांचा असताना तिच्या बाहुलीसाठी केलेल्या घरावर. त्याला म्हणे दारच नव्हतं. हे सगळे गुन्हे तुझे आहेत, मामा, आणि सगळे खरे आहेत. तीस वर्षांचं भांडण एकदम पोचवतेय. ते घे आणि हात सुधार.

पण माझं कपाट त्यात धरू नकोस.

तो दिवस तुला आठवतो का बघ. माझं लग्न महिन्यावर आलं होतं. नवं घर रिकामं होतं, फरशीवर खिळे आणि सिमेंटचे खडे पडले होते, म्हणून तूच म्हणालास, "पायातलं काढू नकोस गं." तुझी माप घ्यायची पद्धत सगळ्यांहून वेगळी. बाकीचे सुतार भिंत मोजतात, तू माणूस मोजतोस. भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, हात वर करायला लावायचा, बोटं पोचतात तिथे पेन्सिलीची रेघ मारायची, आणि तिथे सगळ्यात वरची फळी. मी हात वर केला. तू रेघ मारलीस, दोन पावलं मागे सरकून बघितलंस आणि मोठ्यानं म्हणालास, "काय गं टीचभर, लग्न ठरल्यावर उंची वाढली वाटतं! चवड्यांवर उभी नाहीस ना?" मी म्हणाले, नाही.

दारात माझ्या होणाऱ्या सासूबाई उभ्या होत्या, मामा. पहिल्याच भेटीत त्यांनी आईला विचारलं होतं, मुलगी जरा ठेंगणी आहे का? तेव्हापासून पायघोळ स्कर्टाखाली मी काय घालून हिंडत होते, ते माझं मला माहीत. त्यात तू टीचभर म्हणून हाक मारलीस. त्यांच्यादेखत तुला खरं सांगणं माझ्या जिवावर आलं. वाटलं, नंतर सांगू. नंतर तू एकदम कपाटं घेऊनच आलास, महिनाभर खपून केलेली, दारांच्या कडासुद्धा हातानं घासून गोल केलेल्या, माझ्या बोटांना लागू नयेत म्हणून. मी अनवाणी उभी राहून हात वर केला, आणि फळी चार बोटं वर राहिली. तू समोर बसलास आणि विचारलंस, "हं, बोल. कुठे चुकलं?" मी म्हणाले, छान झालंय.

पुढे ते बोलणं वर्षागणिक अवघडच होत गेलं. गंमत अशी की सासूबाईंना लग्नानंतर आठवड्यातच माझी खरी उंची कळली. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना हे निळं स्टूल घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवून निघून गेल्या. जिच्यासाठी खोटं बोलले तिनं ते पोटात घातलं, आणि ज्याच्याशी खोटं बोलले तो आज रंधे माळ्यावर टाकून बसलाय. अकरा वर्षं त्या स्टुलावर चढताना मला लाज वाटली आहे. तुझ्या कामाची नाही, माझी. तुझा डोळा त्या दिवशीही बरोबर होता. उंची वाढलेली त्याला दिसली होती, त्यानं तुला विचारायला लावलं. मी नाही म्हणाले, आणि तू स्वतःच्या डोळ्यापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. त्या विश्वासासाठी मला तू फार आवडतोस, आणि त्यासाठीच मी तुझी माफी मागतेय.

आता मामीकडून खोकं घे आणि उघड. वर आईचा पुठ्ठा आहे, तो बाजूला ठेव, त्याचं तू बघशील. खाली कागदात गुंडाळलेल्या माझ्या लग्नाआधीच्या सँडल आहेत. माळ्यावरून शोधून काढायला दोन दिवस गेले. त्यांच्या टाचेला तुझी चार बोटं लावून बघ. आज सकाळी त्या घालून मी कपाटासमोर उभी राहिले आणि हात वर केला. फळी बरोबर बोटांखाली आली, मामा. केसभरही इकडेतिकडे नाही. तेव्हा ती चिठ्ठी फाड आणि सोमवारी शाळेत टेप घेऊन जा. मुलांना ओळीत उभं कर, हात वर करायला लाव, फक्त आधी पायातलं काढायला सांग. आणि पुढच्या रविवारी माझ्याकडे ये. कपाटं रिकामी करून ठेवलीत, ती चार बोटं खाली घ्यायची आहेत. अर्थात फुकट. मी अनवाणी उभी राहीन. काम झालं की नेहमीसारखा समोर बस आणि विचार, कुठे चुकलं. चहा पुरा पी, मी सगळं सांगते.

तुझीच,
टीचभर