एका कोयत्याचं रान

मी, पुंजाराम आश्रुबा बडे, वय सदुसष्ट, धंदा शेती, पूर्वी ऊसतोड, राहणार मौजे बोरसेवाडी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कुणाच्या दाबाखाली न येता, स्वहस्ते लिहितो. गुडघे गेलेत, डोकं जाग्यावर आहे. शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं शिकलो ती उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत बसून, गुळाच्या पुडीच्या कागदावरून. तेव्हा वकिलाची भाषा नि माझी भाषा यांची शिवण मधे मधे दिसेल. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. गावातले पत्र्याचे दोन खोल्यांचे घर माझी पत्नी लंकाबाई हिला हयातभर, तिच्या पश्चात मुलगा अजिनाथ यास. तिला कुणी “जरा तिकडं सरका” म्हणायचे नाही. चुलीजवळची जागा तिची.

कलम २. ओढ्याकडचे वडिलोपार्जित दीड एकर, त्यातला माझा हिस्सा अजिनाथचा. शेजारच्या वाल्मिकने तिथला बांध दरसाल नांगराच्या एका तासाने आत ढकलला. त्याच्या आईने मला लहानपणी भाकरी घातली म्हणून मी गप्प बसलो. ते मीठ आता फिटले. अजिनाथने मोजणी आणावी, पण वाल्मिकला आधी चहा पाजावा.

कलम ३. गट नंबर २१२, दोन एकर, ज्याला गाव “बाईचं रान” म्हणते. सातबाऱ्यावर नाव माझे, खरेदीखतावर सही माझी. जमीन माझी नाही. ती माझी थोरली बहीण झुंबरबाई, माझी अक्का, हिची आहे.

कशी ते सांगतो. ऊसतोडीला माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचे. अक्काला नवऱ्याने तान्ह्या रोहिणीसकट टाकलेली. एकटीला अर्धा कोयता म्हणून कोण नेणार? म्हणून आम्ही बहीण-भाऊ मिळून एक कोयता झालो. सहा हंगाम. वहीत नाव माझे. पहिल्याच वर्षी तिचा कोयता निसटून डाव्या अंगठ्यावर आडवा बसला. तो वण मरेपर्यंत राहिला. माझ्या वाट्याचे मी सायकल, तमाशा नि लग्नात उडवले. तिने तिचे राखले. त्यातून हे रान, १९८३ साली. माझा एक पैसा त्यात नाही.

नाव माझे लावायचे तिनेच सांगितले. “माजं नाव लागलं तर तो मुडदा हक्क सांगत यील. तू राखन कर पुंजा. म्होरं रोहिणीच्या नावावर कर.”

कचेरीत मी ऐटीत सही केली. अक्काने आपला डावा अंगठा शाईत बुडवून तयार ठेवला होता. खत लिहिणारा म्हणाला, “बाई, तुझं काय काम? घेणार एकच.” सगळे हसले. मीही हसलो. तिने अंगठा पदराला पुसला.

पुढे तिने दोनदा विचारले, मी दोनदा “पुढच्या साली” म्हणालो. २००९ ला ती अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, “पुंजा, माजा अंगठा राह्यलाय रं.”

मी म्हणालो, “अक्का, तुजं नि माजं काय येगळं हाय का?”

“येगळं न्हाई म्हनूनच म्हनते.”

तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून दर दसऱ्याला मी आमच्या दोघांचे कोयते पुजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा कोरडा असतो. तिच्या कोयत्याचं पातं ओलं असतं, आणि त्याला मुंग्या लागतात. आमच्या माळावर बाजरी नि तूर. उसाचं कांडं औषधाला नाही. लंकाबाई पातं पुसते आणि म्हणते, “वन्सं जाऊन आल्या.” ती भीत नाही. भितो तो मी.

यंदा अजिनाथ म्हणाला, “आबा, सातबारा तुमचा, मग आत्याचं कुठून आलं? रोहिणीताईला शेड काढाया सांगा. सोलरवाले दिवाळीनंतर खांब रोवाया येत्यात.” रोहिणी त्या रानात वीस वर्षे राबते, तिथेच शेडमध्ये राहते. मी पेटी उघडून अक्काचं लुगडं काढलं. पदरावरच्या शाईच्या डागाला हात लावला. बोट निळं झालं.

मग ठरवलं, जिवंतपणीच रान रोहिणीच्या नावे करू. नोंदणी कचेरीत दोनदा गेलो. रेशनला माझा अंगठा लागतो, पेन्शनला लागतो. या गटासाठी ठेवला की लागत नाही. मशीनवरची बाई म्हणाली, “बाबा, हा तुमचा अंगठा न्हाई म्हणतंय.”

“मग कुणाचा हाय?”

“ते न्हाई सांगत.”

म्हणून हा कागद. वकील म्हणाले, बहिणीने पैसे दिल्याचा पुरावा नाही, कोर्टात टिकणे कठीण. तर मी दोन्हीकडून गाठ मारतो. गट २१२ ची पूर्ण किंमत झुंबरबाईने दिली, मी केवळ तिचा राखणदार होतो आणि आहे, माझ्या वारसांचा त्यात हक्क नाही, हे मी जाहीर करतो. आणि कायद्याला ती जमीन माझीच वाटली, तर माझा तिच्यातला सर्व हक्क मी या कलमाने भाची रोहिणी हिला देतो. अक्काची दुसरी वारस नाही. याला दान म्हणू नये. राखणदार धन्याला भाकरी घालत नसतो.

अजिनाथ, तू रागावशील. रागाव. पण बाळा, ज्या रानाला तुझ्या बापाचा अंगठा ओळखत नाही, त्यात तुझे खांब उभे राहायचे नाहीत.

कलम ४. दोन्ही कोयते रोहिणीला. एकाच खिळ्याला टांगावेत. तोडू नयेत, विकू नयेत, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पातं पुसायला विसरू नये.

येणेप्रमाणे लिहिले, वाचून पाहिले, मनाला पटले. यापूर्वीचे कुठलेही मृत्युपत्र नाही.

ठिकाण: बोरसेवाडी. दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५.

(सही) पुंजाराम आश्रुबा बडे
डाव्या हाताचा अंगठा: खाली उमटवला आहे

आम्ही साक्षीदार लिहून देतो की, पुंजाराम बडे यांनी आम्हा दोघांच्या समक्ष, भर दुपारी, शुद्धीत सही केली. नंतर डावा अंगठा एकदा शाईत बुडवून एकदाच कागदावर टेकवला. ठसे दोन उठले आहेत. दुसरा ठसा लहान असून त्यावर आडवा वण आहे. खोलीत आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हते. दुसरा कागद घ्यावा का, असे आम्ही विचारले असता लिहून देणार म्हणाले, “राहू द्या. तिचंच काम हाय.” सबब दोन्ही ठसे तसेच ठेवले आहेत. खाडाखोड नाही.

साक्षीदार १. (सही) सहादेव किसन गर्जे
साक्षीदार २. (सही) छगन बाजीराव पालवे