पॅसेजमधलं तळं

१२ नोव्हेंबर

ती. स्व. वन्संना सा. न. वि. वि.

तुमच्या कानांना फोन मानवत नाही आणि आमच्या घरात फोनवर बोलायला शांतता मिळत नाही, म्हणून हे पत्र. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. प्रत्यक्षात मी फडकं हातात धरूनच लिहायला बसले आहे.

तुम्ही धाडलेल्या पिलाचं नाव मुलांनी बोळ्या ठेवलं. माझ्या मशिनखालच्या चिंध्यांत शिरून झोपला की चिंध्या कुठल्या आणि कुत्रं कुठलं, ते कळत नाही. दिसायला गोड आहे, कबूल. पण वन्सं, त्याला शिस्त लावता लावता आमचीच शिस्त मोडली आहे. मागच्या दाराशी वर्तमानपत्र पसरून ठेवलंय. त्यावर गेला की थोरली त्याचं इतकं कौतुक करते, की तिला स्वतःला पहिला नंबर मिळाला तेव्हाही एवढं झालं नव्हतं. धाकटा मात्र त्याला सारखा उचलून कागदावर नेऊन ठेवतो, गरज असो नसो. बिचारं कुत्रं तिथे बसून आमच्याकडे बघत राहतं.

एवढं करूनही दिवसाआड पॅसेजमध्ये तळं असतंच. अण्णांची खोली आणि न्हाणीघर यांच्या मधल्या पट्ट्यात, नेमकं तिथेच. पुसायचं काम अण्णांनी सासरेपण विसरून आपण होऊन अंगावर घेतलंय. उभं आयुष्य लॉन्ड्रीत लोकांचे डाग काढण्यात गेलं, त्यामुळे मला हातसुद्धा लावू देत नाहीत. पण ते बोळ्याला रागवत नाहीत, उलट पुसून झालं की गुपचूप बिस्कीट देतात. अशाने कुत्रं काय शिकणार? हे गॅरेजमधून दमून येतात आणि त्या तळ्यात पाय पडला की डोकं फिरतं. मग वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके देतात आणि त्याला मागच्या अंगणात बांधून घालतात. अण्णा आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. त्यांना कलकलाट सोसत नाही हल्ली. संध्याकाळचे बाकावर मित्रांत जाऊन बसायचे, तेही बंद केलंय.

तुमची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करण्यात चालली आहे. तुम्हीच काय तो उपाय सांगा. आधीच नाटकमंडळींचे पोशाख शिवायला घेतलेत आणि श्वास घ्यायला सवड नाही.

लोभ आहेच, त्यातला थोडा या जमिनीसाठीही राखून ठेवावा.

तुमची भावजय

१९ नोव्हेंबर

चि. सौ. कात्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले आणि मग हसू गेलं. आधी माझ्या बंधुराजांना सांग की कागदाच्या गुंडाळीने कुत्रं शिकत नाही, फक्त घाबरतं. आणि घाबरलेलं पिलू उभ्या जागी सोडून देतं. मग पुन्हा मार, पुन्हा भीती. त्याने गॅरेजात एखादं इंजिन असं बडवून सुरू केलंय का कधी?

पिलू झोपून उठलं, खाऊन झालं, खेळून झालं की लगेच बाहेर किंवा कागदावर न्यायचं. जमलं की कौतुक करायचं. चुकलं तर काही न बोलता पुसायचं. पुसताना पाण्यात थोडं व्हिनेगर टाका, वास राहिला तर ते परत तिथेच जाईल. हे अण्णांना सांगायला नकोच, त्यांना डागांचं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक मात्र मला उमगत नाही. दिवसभर इमानाने कागदावर जाणारं पिलू एकाच जागी, तेही कागदापासून इतक्या लांब का चुकतं? आमच्याकडे असं आलं तर आम्ही आधी लघवी तपासतो. एकदा डॉक्टरांना दाखवून घे.

अण्णा बाकावर जात नाहीत हे वाचून बरं वाटलं नाही. आई गेल्यापासून ते आधीच घुमे झालेत. पिलू मी त्यांच्यासाठीच पाठवलं होतं, हे तुला कळलं असेलच. ते दिवसभर बोलत नाहीत आणि तुम्ही दिवसभर घाईत असता. कोणीतरी त्यांच्या पायांत घुटमळायला हवं होतं. ते पिलू तिथे टिकलं पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

मुलांना पापा. तुझ्या जिभेला आणि कात्रीला सारखीच धार असू दे, पण पिलापुरती म्यान कर.

तुझी नणंद

२ डिसेंबर

ती. स्व. वन्संना सा. न. वि. वि.

रागावून लिहिते आहे, तेव्हा कमीजास्त शब्दाची माफी आधीच मागून ठेवते. बोळ्या आता आमच्याकडे नाही.

राणीच्या झग्याचं निळं साटीन मी पुढच्या खोलीत जमिनीवर अंथरलं होतं. त्यावर खाकी कागदाचे साचे मांडले आणि खडू आणायला उठले. परत येते तो बोळ्या बरोब्बर मधोमध, राणीच्या पाठीच्या साच्यावर बसून आपलं काम उरकत होता. वर माझ्याकडे बघून शेपूट हलवली. तेवढं साटीन बाजारात पुन्हा मिळेना, रंग जुळेना, आणि प्रयोग तोंडावर आलेला. मी तिथेच खाली बसून रडले. मी रडणारी बाई नाही, तुम्हाला माहीत आहे.

यांनी काही ऐकून घेतलं नाही. त्याच दिवशी त्याला उचललं आणि गोदामाच्या राखणदाराकडे देऊन आले. त्याची गाडी यांच्या गॅरेजात येते, माणूस चांगला आहे. मुलं जेवली नाहीत. अण्णा मात्र आडवे आले, हे मला अगदी अनपेक्षित होतं. दारात उभे राहून म्हणत राहिले की लहान आहे, शिकेल, त्याचा एवढा दोष नाही. हे म्हणाले की दोष त्याचा नाहीच, लाडावणाऱ्यांचा आहे. त्यावर अण्णा बाजूला सरले.

डॉक्टरांकडे नेलं होतं मी त्याला आधी. लघवी स्वच्छ आहे, पिलू ठणठणीत आहे म्हणाले.

तुम्ही हौसेनं पाठवलेलं आम्हाला सांभाळता आलं नाही, याचं वाईट वाटतं. पण माझंही घर आहे, वन्सं, आणि ते आधीच चारी बाजूंनी ओढलं जातंय. राग मानू नये आणि मानलाच तर पत्राने कळवावा.

तुमची भावजय

८ डिसेंबर

चि. सौ. कात्रीस आशीर्वाद.

राग मानला आहे आणि कळवते आहे.

अगं, तुम्हीच त्याला शिकवलंत की जमिनीवर कागद दिसला की त्यावर जायचं. गेला की टाळ्या वाजवल्यात. मग तू खोलीभर कागद मांडलेस. त्याला वाटलं, आज आपल्यासाठी एवढी मोठी जागा करून ठेवली. म्हणून तर शेपूट हलवली, कौतुकाची वाट बघत होता. शिवणकाम करणाऱ्या घरात पिलाला कागदावर बसायला शिकवू नये, हे मलाच सुचायला हवं होतं. तू साचे मांडतेस ते मी तुझ्या लग्नापासून हजारदा बघितलंय, तरी डोक्यात आलं नाही. तेव्हा साटीनच्या पापात माझा निम्मा वाटा.

पण कागद ओळखणारं ते कुत्रं पॅसेजमध्ये का जात होतं, हे मला अजूनही पटत नाही. तुला खात्री आहे ना, कोणी त्याला तिथे करताना बघितलं होतं?

बंधुराजांना वेगळं लिहीत नाही. जे लिहीन ते वाचायला त्यांना आवडणार नाही. अण्णांची काळजी घे.

तुझी नणंद

११ डिसेंबर

ती. स्व. वन्संना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशीच उत्तर घडून गेलं होतं. कसं लिहावं ते सुचत नव्हतं. यांना बोललेले नाही. फक्त तुम्हाला सांगते.

सकाळी दूध तापत ठेवून मी न्हाणीघराकडे निघाले. पॅसेजमध्ये अण्णा खाली बसून फरशी पुसत होते. वर न बघताच ते सवयीने म्हणाले की बोळ्याने आज पुन्हा केलं, त्याला जरा आधी बाहेर न्यायला हवं. आणि मग त्यांचा हात थांबला. बोळ्या जाऊन आठवडा होऊन गेला होता.

मी म्हटलं की खिडकीतून पाणी आलं असेल. बाहेर लख्ख ऊन होतं. ते हो म्हणाले. मी स्वयंपाकघरात परत आले तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला होता.

आता एकेक गोष्ट लागते आहे. पहाटे उठून आपली चादर आपणच धुणं, मी म्हणायची जुनी सवय जात नाही. बाकावर न जाणं. संध्याकाळचा चहा नको म्हणणं. वन्सं, बोळ्याला फटके बसायचे तेव्हा ते दार लोटून आत काय करत असतील? त्या माणसाने आयुष्यात कोणाच्या सदऱ्यावर डाग राहू दिला नाही. तो हे कोणाला सांगणार होता?

आणि आता कुत्रं नाही. म्हणून त्यांनी पाणी पिणंच सोडलंय. दिवसभर तांब्या भरलेला तसाच असतो. खोलीबाहेर जेवायलासुद्धा येत नाहीत, भूक नाही म्हणतात. ओठ सुकलेले दिसतात. मी काही म्हटलं तर त्यांना कळेल की मला कळलंय. न म्हणावं तर हे असं. यांना सांगितलं तर काळजीपोटी आधी ओरडतील आणि मग विचार करतील, आणि ते ओरडणं अण्णांना सोसायचं नाही.

मला बोळ्या परत हवा आहे. मी, जिच्या रडण्यावरून त्याला घालवलं. घरात कुत्रं असलं की जमीन ओली असायला कारण असतं.

लवकर लिहा. एवढंच मागते.

तुमची भावजय

१४ डिसेंबर

चि. सौ. कात्रीस आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. त्यांची लेक मी, आणि मला कुत्र्याची लघवी तपासायचं सुचलं.

या वयाच्या पुरुषांना हा त्रास सर्रास होतो आणि त्यावर औषध असतं. पण पाणी बंद केलं तर त्रास वाढतो, माणूस आजारी पडतो. म्हणून डॉक्टर लवकर हवाच. अंथरुणं धुवायची वेळ आली तर मी रजा टाकून येईन, त्याचं मला काही नाही. मात्र लाजेपायी माझा बाप तहानलेला राहिला, हे चालवून घेऊ नकोस.

पिलू परत आण, काय वाटेल ते निमित्त कर. त्याला बाहेर न्यायची जबाबदारी अण्णांवर टाक, आणि निघण्याआधी व आल्यावर त्यांनी न्हाणीघरात हात-पाय धुवायला जायचं असा घरचा नियमच कर. बाकीचं आपोआप होईल. त्यांचं झाकलेलं राहील आणि वेळही पाळली जाईल.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. खिडकीतून पाणी आलं म्हणालीस, ते मला जमलं नसतं.

तुझी नणंद

२१ डिसेंबर

ती. स्व. वन्संना सा. न. वि. वि.

तुमची युक्ती चांगली होती, पण तिची गरजच पडली नाही. काय झालं ते सांगते.

मुलांचं निमित्त करून मी यांच्या मागे लागले. हे म्हणाले, नुसतं बघून येऊ. तेवढ्यात अण्णा खोलीतून आले. इस्त्रीचा सदरा घातलेला, केस विंचरलेले. मीही येतो म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते उंबऱ्याबाहेर पडत होते, म्हणून मला बरं वाटलं.

राखणदाराच्या दोन खोल्या आरशासारख्या लख्ख. बोळ्या धावत आला तो थेट अण्णांच्या पायांत. यांना बघून मात्र खाटेखाली गेला. राखणदाराच्या बायकोने त्याचं भरभरून कौतुक केलं. म्हणाली की आल्यापासून घरात एक थेंब सांडलेला नाही, गरज लागली की दार खरवडतो, एवढं शहाणं कुत्रं तिने बघितलं नाही. तुम्हाला त्याच्यावाचून करमत नसेल तर घेऊन जा, पण आम्हालाही लळा लागलाय.

मला वाटलं, झालं काम. पण यांचा चेहरा पडला. हे म्हणाले की म्हणजे त्याला सगळं कळतं, आमच्याकडे तो मुद्दाम करत होता. परत नेलं तर परत तेच. इथे सुखात आहे, इथेच राहू दे. आणि उठलेच. मी काहीतरी बोलायला गेले, पण जे बोलायचं ते बोलता येत नव्हतं आणि दुसरं काही पटण्यासारखं नव्हतं.

अण्णा उठले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी सांगितलं की पॅसेजमध्ये या पिलाने कधीच केलं नाही. ते माझं होतं, मला वेळेत पोचता येत नाही. फटके त्याने खाल्ले. परक्याच्या घरात, दोन अनोळखी माणसांसमोर, अगदी साध्या आवाजात बोलले. यांच्याकडे बघून पुढे म्हणाले की तू चिडलास त्यात तुझी चूक नाही, पण त्याला घरी घे.

राखणदाराच्या बायकोने आत जाऊन पाणी आणलं आणि अण्णा तो सगळा पेला प्यायले. मी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिले. मी त्यांच्यासाठी एवढं झाकत होते आणि त्यांनी ते एका कुत्र्यासाठी उघडं केलं. मला राग आला की काय आलं, ते अजून सांगता येत नाही.

हे खाली वाकले आणि खाटेखालून बोळ्याला ओढून बाहेर काढलं. रिक्षात अण्णा मधे बसले, मी एका बाजूला, हे दुसऱ्या. हे बोळ्याला मांडीवर घेऊन बसले होते. तो नखशिखान्त थरथरत होता. तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं, घाबरून त्याने यांच्या मांडीवरच सोडलं. पँट भिजली, सीट भिजली. मी घ्यायला हात पुढे केला, तर हे नको म्हणाले. त्याच्या पाठीवरचा हात यांनी काढला नाही. घर येईपर्यंत तसेच ओले बसून राहिले, आणि दुसरा हात अण्णांच्या गुडघ्यावर ठेवला.

उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, अण्णा आणि हे दोघं जाणार आहेत. सवड काढून या, वन्सं. लोभ तुमचा आमच्यावर होताच, आता या ओल्या घरावरही असू द्यावा.

तुमची भावजय