चारही टायर २५०

१२ एप्रिल, रविवार. सकाळी ७:१०

झालं ते एवढं:

१. नोव्हेंबरात बाबांनी गाडी गेटच्या खांबाला घासली. खांब त्यांना दिसलाच नव्हता. वय ७६.
२. त्यांनी मला शब्द दिला: पुन्हा गाडी चालवणार नाही. किल्ली माझ्याकडे; आईला दवाखान्यातही आता मीच नेते. दुसरी किल्ली हरवली, असं आई म्हणते.
३. ४ तारखेला बर्फात वापरायचे टायर काढून उन्हाळ्याचे बसवले. दुकानदार उचिसावा-सान. गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा २३० किलोपास्कल, त्यांच्या गेजवर.
४. आज माझ्या गेजवर मोजली. चारही टायर २५०.

टायरमधली हवा आपोआप वाढत नाही. म्हणजे उचिसावा-सानचा गेज चुकतो. प्रत्येकातून २० सोडली. मी प्रेशर गेजच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. निदान हवेच्या बाबतीत तरी मला कुणी फसवू शकत नाही.

ठराव: दर रविवारी सात वाजता, रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीची हवा मोजायची. कुठे जायचं ते त्यानंतर.

न्याहारीला भाजलेली माकुळं. अगदी ताजी.

१९ एप्रिल, रविवार. ७:०५

२५०, २५०, २४९, २५१. पुन्हा सोडली.

शेजारच्या ओशिता काकूंचं मांजर बॉनेटवर झोपलेलं. बाहेर चार डिग्री. एरवी ते तिथे नसतं. मांजरांचा काही नेम नाही.

ड्रायव्हरची सीट मागे सरकलेली. खटका ढिला झाला असावा.

किलोमीटरची नोंदही ठेवावी का? नको. एका वेळी एकच गोष्ट मोजावी.

बाबांनी खिडकीतून विचारलं, "काय म्हणतायत टायर?" मी म्हटलं, खोटं बोलतायत. ते एकदम चहा घ्यायला आत गेले.

पुन्हा माकुळं. ओशिता काकूंनी दिली म्हणे.

२५ एप्रिल, शनिवार. दुपारी

कोपऱ्यावरच उचिसावा-सानचं दुकान, तिथे गाडी घेऊन गेले. त्यांनी मोजली: २१०. म्हणाले, "ताई, हवा कमी आहे." मी म्हटलं, तुमचा गेज कमी दाखवतो, म्हणून तुम्ही जास्त भरता. त्यांनी टोपी मागे सरकवली. "गाडी गार असताना मोजता ना?" मला विचारतात! वर म्हणे, "एकदा वडिलांशी बोलून बघा की." बाबांना हवेतलं काय कळतं?

त्यांचा गेज तपासायला घेऊन आले. हवा भरू दिली नाही.

२६ एप्रिल, रविवार. ७:००

२५०. सोडली. मांजर होतंच.

२८ एप्रिल, मंगळवार

उचिसावा-सानच्या गेजमधली चूक: १. आमच्या कारखान्याच्या मर्यादेत बसते.

म्हणून ते सुटत नाहीत. कुणीतरी येऊन हवा भरतं आहे, हे आता सिद्ध झालं. मी दुकानात परत परत यावं म्हणून तेच भरत असणार.

ठराव: रविवारी पहाटे साडेचारला उठून पकडायचं.

३ मे, रविवार. दुपारी १२:३०

४:३० ला बाहेर गेले. गाडीच नव्हती.

पोलिसांना फोन करण्याआधी आईला उठवायला गेले. दोन्ही गाद्या घडी घालून ठेवलेल्या.

६:२० ला गाडी आली. चालवत होते बाबा. शेजारी आई, मांडीवर माकुळांची पिशवी. बंदराच्या धक्क्यावर रविवारी पहाटे बाजार भरतो, तिथून.

बाबा म्हणाले, "आज लवकर उठलीस." आई त्यांना म्हणाली, "अहो, मी सांगत होते ना, तिला कळेल. पण महिना लागला! गेज तपासणारी पोर, आणि एकदा बॉनेटला हात लावून बघितला नाही. मांजराला कळलं."

मी विचारलं, बाजाराला मी नेलं नसतं का? आई म्हणाली, "तुझी मापं होईपर्यंत बाजार उठतो गं."

मग बाबांनी डिकी उघडून दाखवली. आत पायपंप होता. त्याशेजारी मी त्यांना दिलेला गेज, कारखान्यात मी तपासलेला पहिला. गाडी आठ किलोमीटर धावून आली की टायर तापतात आणि हवा २५० दाखवते. शाळेतलं आहे हे. मी त्यातून २० सोडायचे, गार झाल्यावर उरायची २१०. पुढच्या रविवारी निघण्याआधी बाबा अंगणात उभे राहून चारही टायर पायाने भरायचे. बरोबर २३० पर्यंत. "तुला सांगायचं कसं? तू इतकी मन लावून सोडायचीस," ते म्हणाले.

म्हणजे आठवडाभर २१० वर आईला दवाखान्यात नेत होते ती मी. आणि ज्यांना खांब दिसत नाही, ते तिला अर्ध्या अंधारात धक्क्यावर नेत होते. समोर कठडा नाही, समुद्र आहे. दुसरी किल्ली चहाच्या डब्यात होती. उचिसावा-सानना माहीत होतं. ओशिता काकूंना माहीत होतं. त्यांनी माकुळं दिली नव्हती, त्यांना मिळत होती.

या घरात माझ्याशी खरं बोलत होते ते चार टायर. त्यांना मी खोटं ठरवलं.

न्याहारी केली नाही. अकरा वाजता केली. माकुळं चांगली होती.

पुढचं नवीन पानावर लिहून, पान फाडून स्टिअरिंगला चिकटवते आहे:

बाबा, दुसरी किल्ली माझ्या टेबलावर ठेवा. यापुढे हवा मी शनिवारी सकाळी मोजेन, आणि रविवारी पहाटे चारला तुम्हा दोघांना मी धक्क्यावर नेईन. गाडी चालवण्याचा परवाना पोलिसांकडे परत करायला माझ्याबरोबर येणार की नाही, ते शनिवार, ९ मेपर्यंत कळवा. लेखी. तोंडी शब्द नको.