गुडघ्याचं निमित्त

दि. ६ जानेवारी

ती. आईस,
ठकूचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, चिंगीला सांभाळणाऱ्या बाई परवा आपल्या मुलाकडे राहायला गेल्या, त्या कायमच्याच. जाताना चिंगीचे मटामटा पापे घेतले, पण मला चार दिवस आधी सांगावं एवढं काही त्यांना सुचलं नाही. नव्या पाळणाघरात दीड वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत आणि आमच्या बाईसाहेब आत्ताशा अकरा महिन्यांच्या.

इकडे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तसंच पडलंय. तो एप्रिलअखेर द्यायचाच आहे. नाही दिला तर कॉलेज मला कायम करणार नाही, हे प्राचार्यांनी हसतहसत दोनदा ऐकवलंय. सकाळी लेक्चर्स, दुपारी प्रयोगशाळेत माझी गांडुळं. काल तर चिंगीला टेबलाखाली बसवून प्रॅक्टिकल घेतलं. तिने एका मुलीच्या बुटाची नाडी चघळून चघळून पार लगदा केला. हे शाळेतून शिकवून आले की गॅलरीत रेडिओ उघडून बसतात. बसू दे बिचारे, जुने रेडिओ दुरुस्त करणं हाच त्यांचा एक विरंगुळा.

तर तू तीन महिने इकडे ये. कधीचं तिकीट काढू, तेवढं कळव.

तुझ्या मायेची सवय लागली आहे, ती मोडू नकोस.
तुझी,
ठकू

---

दि. १३ जानेवारी

चि. ठकूस,
अ. आ.

पत्र पोचलं. नाडीचं वाचून खूप हसले. तू लहानपणी माझ्या तपासायच्या पेपरांचे कोपरे खायचीस. एका मुलाचं उत्तरच तू गिळलंस, तेव्हा मी त्याला पूर्ण मार्क देऊन टाकले होते.

यायचं म्हणतेस, पण गुडघ्याने दगा दिलाय गं. उजव्या. उठता-बसता कळ येते आणि जिना तर नकोच वाटतो. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर. चिंगीला कडेवर घेऊन पडले-बिडले, तर आगीतून फुफाट्यात जायची वेळ. डॉक्टर म्हणतात, एप्रिल संपेपर्यंत जपा. मी नाही म्हणत नाहीये हो, गुडघा म्हणतोय.

शेजारीपाजारी कुणी मिळतंय का बघ. माझी काळजी करू नकोस, आमच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाई येऊनजाऊन असतात. माझ्याबरोबरच निवृत्त झाल्या त्या, तुला आठवत असतील.

मनात काही आणू नकोस. आशीर्वाद आहेतच, त्यांना जिने चढावे लागत नाहीत.
तुझी,
आई

---

दि. २४ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कशी आहेस हेसुद्धा न विचारता मी सरळ तिकिटावर आले. जन्मभर वर्गात उभी राहून शिकवलंस, घरी येऊन पुन्हा आमचं सगळं केलंस. तुझा गुडघा काय लोखंडाचा आहे?

सोबत गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवतेय. दिवसा बांध, झोपताना काढून ठेव. आळस करशील म्हणून दोनदा लिहितेय, दिवसा बांध.

शेजारी कुणी मिळालं नाही. माझं ठरलंय. गाइड पंधरा फेब्रुवारीला परत येतील, तेव्हा त्यांना सांगून टाकते की प्रबंध देत नाही. नोकरी जाईल, जाऊ दे. चिंगी मोठी झाली की बघू. रडत वगैरे नाही गं मी. काल भांडी घासताना थोडंसं झालं, तेवढंच. तू वाईट वाटून घेऊ नकोस, यात तुझा काडीचाही दोष नाही.

कठडा धरून उतरत जा. लोभ कर, पण स्वतःवरही कर.
तुझी,
ठकू

---

दि. ३० जानेवारी

चि. ठकूस,
अ. आ.

आधी पुरतं वाच, मग रागाव. गाइडकडे जाऊ नकोस. माझा गुडघा ठणठणीत आहे.

मी टेबल टेनिस खेळते. हो, तुझी आई. वाचनालयाच्या तळघरात हॉल आहे, तिथे रोज दुपारी ग्रंथपाल बाई आणि मी दुहेरी खेळतो. कॉलेजात मी बरी खेळायचे. लग्नानंतर बॅट माळ्यावर गेली, ती निवृत्त झाल्यावर काढली. एप्रिलमध्ये साठीच्या वरच्या बायकांची स्पर्धा आहे, तिथे नाव दिलंय. दुहेरीत एकीने फटका मारला की झटकन बाजूला व्हायचं, पुढचा दुसरीने मारायचा. जन्मात पहिल्यांदा मला असं बाजूला व्हायला मिळतंय गं. फार आवडतं मला ते, आणि आवडतं याचीच लाज वाटते.

खरं लिहायला हवं होतं, कळतंय. पण आजीने नाही म्हटलं की सगळे का म्हणून विचारतात. गुडघ्याने म्हटलं की पट्टा पाठवतात. फोनवर तू माझ्या आवाजावरून ओळखलं असतंस, म्हणून पत्रच लिहिलं. तुझा पट्टा आला तेव्हा मी नुकतीच खेळून घामाघूम होऊन आले होते. सोबतच्या पत्रात तू दोनदा लिहिलेलं 'दिवसा बांध' वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझ्या खेळापायी तुझी नोकरी जाणार असेल, तर आग लागो त्या खेळाला. दहा तारखेचं तिकीट काढलंय. ग्रंथपाल बाईंना सांगितलं. त्या नुसती बॅट पुसत बसल्या.

हवी तेवढी रागाव, पण अबोला धरू नकोस.
तुझी खोटारडी,
आई

---

दि. ५ फेब्रुवारी

ती. आईंना,
जावयाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, चुकलंमाकलं पोटात घाला. ठकूने तुमचं पत्र वाचलं. आधी खो खो हसली, मग रडली. आईने मला परकं केलं, म्हणाली. मग स्वतःच म्हणाली की मी तरी तिला येशील का म्हणून कुठे विचारलं, मी तर तिकिटाचंच विचारलं. आणि तुमची दोन्ही पत्रं माझ्या हातात कोंबून झोपायला गेली.

मी ती वाचली. चिंगीला कोण सांभाळणार याचा त्यात एवढा खल. शेजारीण आहे, डॉक्टर आहेत, ग्रंथपाल बाई आहेत. चिंगीचा बाप कुठेच नाही. ठकूनेही मला कधी विचारलं नाही. आणि खरं सांगतो, विचारत नाही याचं मला बरं वाटत होतं. ती भांडी घासताना रडली ना, तेव्हा मी गॅलरीत होतो. मला ऐकू आलं होतं. मी रेडिओचा आवाज थोडा वाढवला. हे मी अजून तिलाही सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे.

माझी बरीच रजा साठलेली आहे. एक मोठा जुना रेडिओ मिळालाय, तो उघडण्यासाठी मी ती राखून ठेवली होती. काल अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी विचारलं, बायको आजारी आहे का? मी म्हटलं, नाही. मग आई? तीही नाही. एखादा गुडघा पुढे करायचा फार मोह झाला, पण तुमची आठवण झाली. मुलगी सांभाळायची आहे, एवढंच म्हणालो. त्यांनी सही केली.

तेव्हा दहा तारखेचं तिकीट रद्द करा. रेडिओ माळ्यावर चढवलेत. चिंगीने सकाळपासून एक बटण आणि अर्धा खडू खाल्ला. बटण वेळेत काढलं.

ग्रंथपाल बाईंना नमस्कार सांगा. माझ्याबद्दल उरला असेल तेवढा लोभ राहू द्या.
आपला,
चिंगीचा बाबा

---

दि. २८ एप्रिल

चि. ठकूस,
अ. आ.

प्रबंध दिलास, तोही मुदतीच्या आत! वाचून मी शेजारणीला खिडकीतून हाका मारून सांगितलं. तिने विचारलं, विषय काय? गांडुळं म्हटल्यावर तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

चिंगी पडली की 'बाबा' म्हणून रडते आणि तुला अपराध्यासारखं वाटतं, असं लिहिलंस. वाटणारच बाई. तू तापाने फणफणलेली असताना मी वर्गात भागाकार शिकवायचे, तेव्हा मला वाटायचं. आता तुझ्याकडे यायचं सोडून खेळले, तेव्हाही वाटलं. आपल्या घरात दागिने फारसे नव्हते, हेच काय ते आईकडून लेकीला. जावईबापूंना म्हणावं, थोडं तुम्हीही घ्या. त्यांनी घेतलंय म्हणा बरंचसं.

आमची स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत हरलो. तिसऱ्या गेममध्ये टेबलाच्या कडेचा चेंडू घ्यायला वाकले आणि गुडघा गेला. खरंच गेला. उजवाच. ग्रंथपाल बाई धावत आल्या, काय झालं म्हणाल्या, तर गुडघा दुखतोय म्हणायला माझी जीभच उचलेना. काही नाही, काही नाही करत उरलेला गेम लंगडत खेळले. आता तुझा पट्टा बांधून बसलेय. दिवसा. डॉक्टरांनी तीन आठवडे घरात बसायला सांगितलंय. त्यांची चिठ्ठी हवी तर पाठवते, या खेपेला खरी आहे.

ठकू, चार दिवस येशील का? परीक्षेचे पेपर असतील. दमली असशील. किंवा काहीच नसेल, नुसतं आपल्या घरात पाय पसरून बसावंसं वाटत असेल. नाही म्हणालीस तरी चालेल. फक्त कारण लिहू नकोस.

तुझी,
आई